मागे ठेवलेला दगड

स्वयंपाकघराचं दार वाऱ्याने आपटू नये म्हणून एकतीस वर्षं एक दगड त्याला टेकवून ठेवलेला होता, आणि आज दुपारी तीनच्या आत तो तिथून हलायला हवा होता. काम तेवढंच. पण या घरात साधं काम साधेपणाने पार पडल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

धाकटी सून सकाळपासून त्या दगडाला वळसा घालून चार वेळा आत-बाहेर करून चुकली होती. ती गावसमितीची अध्यक्ष. भर बैठकीत आवाज न चढवता भल्याभल्यांना खाली बसवायची म्हणून तिचा गावात दबदबा होता, पण सासूसमोर तिची जीभ टाळ्याला चिकटली होती. सासू ओट्याशी कांदा चिरत होती. मध्येच खाली वाकली, सुरी दगडावर चार वेळा घासली, अंगठ्याने धार बघितली आणि पुन्हा कांद्याकडे वळली. दगडाच्या माथ्यावर इतक्या वर्षांच्या घासण्याने चांगला खोलगट खळगा पडला होता.

दगड बाबांचा. गावचे गवंडी असलेल्या धाकटीच्या सासऱ्यांची एक रीत होती. कुठलंही बांधकाम असो, शेवटचा दगड ते बसवायचे नाहीत. तो घडवून, मापात आणून घरी घेऊन यायचे आणि मालकाला सांगायचे, "वर्षभराने येतो." वर्ष झालं की खरंच जायचे. ओळंब्याची वजनदार दोरी सोडून भिंत सरळ आहे का पारखायचे, ओल बघायचे, भेगा चाचपायचे, काही चुकलं असलं तर पदरमोड करून नीट करायचे. मग दगड बसवायचे आणि हात धुवायचे. गावाच्या धुण्याच्या हौदाचा दगड असाच घरी आला होता. अकराव्या महिन्यात बाबा गेले आणि दगड दाराशीच राहिला.

"ताई, तुम्ही बोलणार होतात," धाकटी पुढच्या खोलीत येऊन नणंदेला हळूच म्हणाली.

ताई शहरातल्या इस्पितळात परिचारिका होती. केवळ यासाठी सुट्टी काढून सकाळच्या बसने आली होती. रात्री फोनवर तिने छातीठोकपणे सांगितलं होतं, तू काळजी करू नकोस, आईला मी बघते.

"बोलणार होते गं. पण आल्या आल्या सवयीने त्या दगडावर बसले. लहानपणी त्यावर बसूनच मी पाढे पाठ केले. वेणी घालायची तर तिथेच. परीक्षेत नापास झाले तेव्हा रडायलासुद्धा तिथेच. आज बसले आणि सगळं मुसळ केरात गेलं. मला नाही बोलवत."

"आणि मला बोलवतं?"

"तू अध्यक्ष आहेस."

"घरात मी सून आहे."

तेवढ्यात धाकटीचा नवरा, म्हणजे घरातला धाकटा मुलगा, दुकान बंद करून चहासाठी आला. त्याचं वाण्याचं दुकान होतं आणि गल्ल्यावर बसून बसून प्रत्येक गोष्टीवर तोडगा काढायची त्याला खोड लागली होती.

"त्यात काय एवढं? दुसरा दगड बसवा. दादा अर्ध्या तासात घडवून देईल. आईचा दगड आईकडे, गावाचं काम गावाचं. साप मरेल आणि काठीही तुटणार नाही."

"नाही बसणार," कोपऱ्यात बसलेला दादा म्हणाला. थोरला हा. बाबांचं गवंडीकाम त्याने पुढे चालवलं, लग्न मात्र राहूनच गेलं. तो कमी बोलायचा आणि बोलला की मापात बोलायचा. "हौदाच्या कठड्यातली ती खोबण वर रुंद आणि खाली निमुळती आहे. शेजारचे दोन्ही दगड त्या दगडावर रेलायचे म्हणून तसे घडवलेत. दुसरा घालायचा तर ते दोन्ही काढावे लागतील. दोन दिवस जातील."

"मग दोन दिवस थांबायला सांगू तपासनीस साहेबांना."

"आज शेवटची तारीख आहे," धाकटी म्हणाली. "मी तुम्हाला हे तीनदा सांगितलंय."

"तू बरंच काही तीनदा सांगतेस. प्रत्येकच कसं लक्षात राहणार?" असं म्हणून त्याने कप तोंडाला लावला, पण बायकोच्या चेहऱ्याकडे बघून पुढची थट्टा गिळली.

कारण तारीख कशाची होती ते त्यालाही पक्कं माहीत होतं. सात वर्षांपूर्वी त्यांची मुलगी त्याच्याच मालाच्या गाडीत, तेलाच्या डब्यांच्या मध्ये जन्मली होती. दवाखाना एकवीस किलोमीटरवर. त्या दिवशी ताई योगायोगाने घरी आलेली होती म्हणून निभावलं. त्यानंतर दोनच महिन्यांनी शेजारच्या घरातली सून त्याच रस्त्याने गेली आणि परत आली नाही. धाकटीने समितीची निवडणूक लढवली ती त्यानंतर. गावात बाळंतपणासाठी दोन खाटांची खोली व्हावी, एवढंच तिच्या मनात होतं.

त्यासाठी अनुदान होतं. अर्ज तिने तीनदा केला आणि तीनदा एकाच ओळीचं उत्तर आलं, अटींची पूर्तता नाही. कोणती अट ते कुणीच सांगेना. शेवटी ती स्वतः शहरातल्या कार्यालयात जाऊन बसली. जुने गठ्ठे उपसणारा कारकून तिला म्हणाला, "बाई, तुमच्या गावाचं एक काम एकतीस वर्षं थकलेलं आहे. मागचं काम पुरं केल्याशिवाय पुढचं अनुदान नाही, असा नियम आहे." आणि त्याने एक पिवळा पडलेला कागद समोर धरला. धुण्याचा हौद, सार्वजनिक बांधकाम. शेऱ्याच्या रकान्यात तेव्हाच्या तपासनिसाच्या सुबक अक्षरात लिहिलेलं होतं, कठड्याचा एक दगड बसवणे बाकी.

तिला तिथेच हसू आलं होतं. बसमध्ये बसल्यावर मात्र रडू आलं.

"कुजबुज झाली असेल तर जेवायला बसा," आतून आईचा आवाज आला.

जेवताना दगडाची गोष्ट निघालीच. ती निघाली धाकट्याच्या तोंडून, आणि तीही वाकड्या वाटेने. दादाने पाण्याचा नळ अजून दुरुस्त केला नाही यावर तो सवयीने म्हणाला, "म्हणजे झाला दादाचा दगड."

गावात ही म्हणच पडली होती. कुठलंही काम रेंगाळलं की त्याचा दादाचा दगड व्हायचा. बापाने सगळा हौद बांधला आणि पोराला एक दगड बसवणं जमलं नाही, यावर गाव एकतीस वर्षं हसत होतं. दादाही हसायचा. आज तो हसला नाही.

"आई," धाकटी म्हणाली. तिने घास खाली ठेवला. "तो दगड आज बसवावा लागेल. तीन वाजता तपासनीस येणार आहेत."

आईने पोळी वाढायला उचललेला हात तसाच ठेवला. "का?"

"दवाखान्याच्या खोलीसाठी. हौदाचं काम कागदावर अजून अपूर्ण आहे."

"अपूर्ण? दोन पिढ्या धुणं धुतायत तिथे."

"कागदाला ते कळत नाही."

"मग कागदाला सांगा. तुम्ही अध्यक्ष आहात ना?" आई सुनेला एरवी अगं-तुगं करायची. ती अहो-जाहो करायला लागली की घरातल्यांनी सावध व्हायचं असे.

"राहू दे ना," ताई मध्ये पडली. "आईचं मन नसेल तर—"

"ताई, रात्री फोनवर काय म्हणाला होतात तुम्ही?"

"म्हणाले होते. आता वाटतंय की घाई करू नये."

"घाई?" धाकटीचा आवाज पहिल्यांदाच चढला. "आई, मी तुम्हाला सांगणार नव्हते. या एका दगडामुळे गावाला एकतीस वर्षं काही मिळालेलं नाही. शाळेची दुसरी खोली नाही, वाचनालय नाही. ओढ्यावरच्या पुलाचा कठडा नाही. प्रत्येक वेळी अर्ज गेला आणि प्रत्येक वेळी परत आला. गावाला वाटत राहिलं की आपलं नशीबच फुटकं."

धाकटा ताटात बघत राहिला. बायको खरं बोलत होती आणि आई त्याची होती. मध्ये बसलेल्या माणसाने काय करावं ते दुकानात शिकता येत नाही.

"म्हणजे माझ्यामुळे," आई म्हणाली.

"माझ्यामुळे," दादा म्हणाला. "मी बसवला नाही."

आईने त्याच्याकडे बघितलं. काहीतरी बोलायला तिने तोंड उघडलं, मग पोळ्यांवर झाकण ठेवलं आणि मागच्या अंगणात निघून गेली.

अंगणात दोरीवर चादरी वाळत होत्या. त्या अजून ओल्या होत्या तरी ती काढायला लागली, कारण हातांना काहीतरी हवं होतं.

इस्पितळात जायच्या सकाळी हे त्या दगडावर पाय टेकवून बुटाच्या नाड्या बांधत होते. नाडी बांधता बांधता म्हणाले, "हौदाचं तेवढं राहिलंय. आलो की बसवतो." ऑपरेशन साधं होतं, आठ दिवसांत घरी येणार होते. दगड बसला नाही तोवर त्यांचं काम बाकी होतं, आणि काम बाकी ठेवून हा माणूस आयुष्यात कधी कुठे गेला नव्हता. हा वेडेपणा आहे हे तिला पहिल्या दिवसापासून कळत होतं. कळत असूनही तो तिला सोडवला नाही. रोज सुरीला धार लावताना तिला त्या दगडाशी दोन शब्द बोलल्यासारखं वाटायचं, आणि ते तिला हवं होतं.

दादा मागून आला. त्याने न विचारता चादरीचं दुसरं टोक धरलं. दोघांनी ती ताणली, घडी घातली. ओली चादर घडी होईना.

"तू का नाही सांगितलंस सगळ्यांना?" आई म्हणाली. "तू हातगाडीवर दगड घालून निघाला होतास. मी दारात आडवी उभी राहिले. एकदा नाही, तीनदा."

"त्यात सांगण्यासारखं काय होतं?"

"गाव हसलं तुला."

"हसू दे. हसण्याने भिंत पडत नाही."

तिने चादर पुन्हा दोरीवर टाकली. चिमटा लावता लावता म्हणाली, "मी नाही देत जा. दुसरा दगड घडव."

दादाने दोरीवरची चादर नीट पसरली. मग म्हणाला, "आई, एक विचारू? वर्षभराने बाबा कशाला जायचे?"

"दगड बसवायला."

"दगड बसवायला दहा मिनिटं लागतात. बाबा सगळा दिवस घालवायचे. ते तपासायला जायचे. ओळंबा लावायचे, पाणी सोडून बघायचे. त्या हौदाचं ते कुणी केलंच नाही. मीपण नाही. दगड नाही म्हणून मी तिकडे फिरकलोच नाही. वर्षाने व्हायची ती तपासणी एकतीस वर्षांनीही झालेली नाही. हौद कसा आहे ते आपल्याला माहीतच नाही."

आई त्याच्याकडे बघत राहिली. हे तिच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. इतकी वर्षं राखून ठेवलं ते काम नव्हतंच. काम तिकडे उघड्यावर उभं होतं.

"त्यांचा ओळंबा आहे का रे अजून?"

"माझ्या पिशवीत आहे. रोज वापरतो."

आत येऊन तिने सगळ्यांसमोर सांगून टाकलं. "दगड याने नाही ठेवला. मी ठेवून घेतला. हा तीनदा निघाला होता." मग धाकट्याकडे वळून म्हणाली, "ती म्हण आजपासून बंद. दुकानात कुणी म्हटली तर त्याला उधार देऊ नकोस."

धाकट्याने मान डोलावली. थोड्या वेळाने तो उठला, दादाच्या शेजारी जाऊन बसला आणि काहीच बोलला नाही. त्याच्या स्वभावाच्या मानाने ती माफी खूप मोठी होती.

दगड उचलायला दोघा भावांना कष्ट पडले. तो हलला तशी खाली फरशीवर एक फिकट चौकोन उघडा पडला आणि दार सुटून धाडकन आपटलं. ताई दचकली. त्या दाराला आवाज आहे हेच तिला माहीत नव्हतं.

हौद गावाच्या खालच्या अंगाला, झऱ्याच्या पायथ्याशी होता. लांबलचक, चौदा बायका एका वेळी उभ्या राहतील असा. दोघी-तिघी धुणं धूत होत्या, त्या हात थांबवून बघायला लागल्या. खोबणीत साबणाच्या वड्या ठेवलेल्या होत्या. बायकांना ती जागा त्याच्यासाठीच केलेली वाटायची.

दादाने ओळंबा काढला. सवयीने धाकट्याच्या हातात दोरीचं टोक देणार, तोच आईने हात पुढे केला.

"मी धरते. लग्नानंतर पहिली तीन वर्षं मीच धरायचे. मजूर ठेवायची ऐपत नव्हती."

ती कठड्यावर टोक धरून उभी राहिली. खाली वजन हेलकावत हेलकावत थांबलं. दादाने एक डोळा मिटून दोरी न्याहाळली.

"किती?" तिने विचारलं. विचारण्याचा सूरही जुनाच होता.

"तसूभरही कलली नाही."

एकेक करत त्यांनी सगळी भिंत बघितली. धाकटी घड्याळाकडे बघत होती, पण घाई करा म्हणाली नाही. चौथ्या कोपऱ्यात दादा थांबला, बोटाने सांधा चाचपला.

"इथे सुटलंय. आतून पाणी झिरपतंय."

"त्यांनी काय केलं असतं?"

"उकरून परत भरलं असतं."

"मग भर."

त्याने सांधा उकरून भरला. मग दोघा भावांनी दगड उचलून खोबणीवर धरला आणि सोडला. बाबांच्या छिन्नीचं माप एकतीस वर्षांनीही चुकलं नव्हतं. दगड एकदा घसटला आणि मुकाट्याने जागेवर बसला. आईने डोळे पुसले. लपवून वगैरे पुसले नाहीत.

तपासनीस बरोबर तीनला आले. हातात फळी, तिच्यावर कागद अडकवलेला, पाय जपून टाकत चालणारे गृहस्थ. त्यांनी हौदाला एक चक्कर मारली आणि नव्या बसलेल्या दगडापाशी थांबले.

"हा वरून समतल नाही. खळगा आहे."

कुणी बोलायच्या आत धुणं धुणाऱ्या बाईने हातातली साबणाची वडी त्या खळग्यात ठेवली. ती घसरली नाही, नीट बसली.

"साबण ठेवायची जागा आहे," अध्यक्ष म्हणाली.

साहेबांनी वडीकडे बघितलं, अध्यक्षांकडे बघितलं आणि लिहिलं. मग पेन थांबलं. "विलंबाचं कारण? हा रकाना रिकामा सोडता येत नाही."

दादा पुढे झाला, पण आईने त्याला मागे सारलं. "लिहा, गवंड्याच्या बायकोने दगड अडवून ठेवला."

"असं कसं लिहू, आजी?"

"खरं आहे ते लिहायला काय हरकत आहे?"

त्यांनी क्षणभर विचार केला आणि 'घरगुती कारण' असं लिहिलं. सही केली, दादाची घेतली. जाता जाता अध्यक्षांना म्हणाले, "तुमच्या नव्या खोलीला आता अडचण नाही. फक्त एक, शेवटचा हप्ता लगेच मिळणार नाही. हल्ली नियम आहे. काम झालं की वर्षभर थांबायचं, मग आम्ही पुन्हा येतो, भिंती बघतो, आणि तेव्हाच काम पूर्ण धरतो. लोकांना उगाच जाच वाटतो."

दादाला हसू फुटलं. तो इतका मोठ्याने हसलेला धाकट्याने लहानपणापासून ऐकला नव्हता. ताईला काही कळेना, मग कळलं आणि तीही हसायला लागली. साहेब गोंधळून गाडीत बसले.

घरी परतल्यावर आई स्वयंपाकघरात गेली आणि तिच्या मागे दार आपटलं. तिने उघडलं, ते पुन्हा आपटलं. बाहेर चौघंही ऐकत होती. तिसऱ्यांदा तिने दार उघडलं आणि पायाने अडवून तिथेच उभी राहिली.

"खोलीचं काम तूच करणार ना रे?" तिने दादाला विचारलं.

"करीन."

"त्यांच्यासारखं?"

दादाने धाकटीकडे बघितलं. एक दगड मागे ठेवण्याची रीत त्याने वीस वर्षांपूर्वीच सोडली होती. ठेकेदार ऐकत नाहीत म्हणायचा. कागदपत्रांची जबाबदारी आता तिची होती, आणि दगडाने काय केलं ते तिच्याइतकं कुणी भोगलं नव्हतं.

धाकटी उठली, आत गेली आणि सासूच्या शेजारी उभी राहून तिने दाराला हात लावला.

"एक दगड ठेवू मागे, आई," ती म्हणाली. "इथेच ठेवू. पण वर्षभरच. त्या दिवशी मी स्वतः हातगाडी घेऊन दारात येईन."

"ये," आई म्हणाली. "मी आडवी उभी राहणार नाही."

मग तिने पाय काढला आणि दार सुनेच्या हातात सोडलं.